पाटी धुण्याआधी

बाभळीची पाटी. वरच्या टोकाला भोक,
भोकात दोरी, दोरी खिळ्याला.
माझी पाटी पोरांच्या पाट्यांएवढीच,
फक्त धरणारा हात मोठा,
डिझेलने नखं कायमची काळी झालेला.

सव्वीस वर्षं लॉरी हाकली
बंदरापासून कस्सालापर्यंत.
कुठल्या वळणावर खडी सरकते,
कुठल्या नाक्यावरचा शिपाई चहाचे पैसे मागतो,
कुठे रात्री उंट रस्त्यातच बसून असतात,
सगळं तोंडपाठ. लिहिलं कधी नाही, विसरलो कधी नाही.
आणि इथे चार ओळींची सूरा
दुपारी पाठ होते, दिवेलागणीला अर्धी उरते.
गोणीला भोक असावं, ज्वारी सांडत जावी,
आणि मागे वळून बघावं तर
रस्त्यावर पाखरं.

शेख ओनूर शेवटाकडून सुरुवात करून घेतात.
लहान सूरा आधी, लांब मग.
"मोठ्या घरात मागच्या दारानं यावं,
चपला काढायला वेळ मिळतो."

त्याआधी महिनाभर धुळाक्षरं.
वाळूत बोट, बोटामागे अक्षर, अक्षरावर वारा.
माझी बोली बेजांची. तिच्यात उंटांना हाका आहेत,
पाण्याची नावं आहेत, आईचं ओरडणं आहे.
अरबी येते ती बाजारातली :
भाव, शिव्या, टायरची मापं.
इथल्या अरबीत एक अक्षर आहे
जे घशाच्या तळातून काढावं लागतं.
मी काढलं की नऊ वर्षांचा हदाब हसून लोळतो.
"आदरोबकाका, काटा अडकल्यासारखं नाही हो,
विहिरीतून भरलेली बादली वर येते ना, तसं."
मी बादली ओढतो.
दोर पुरत नाही.

का आलास, असं कुणी विचारलं नाही.
विचारलं असतं तर सांगितलं असतं :
भावाला मातीत ठेवलं त्या दिवशी
सगळे म्हणत होते, आणि मी
रांगेत मागे उभा राहून
ओठ हलवत होतो नुसते.

काल शेळीने माझी पाटी चाटली.
काजळीत डिंक घोटून केलेली शाई, तिला गोड लागली असणार.
मी जबना उकळत होतो, आलं ठेचत होतो,
वळून बघतो तो तीन ओळी गायब,
चौथीची शेपटी तेवढी शिल्लक.
हदाब म्हणाला, "तुमच्याआधी तिचंच पाठ झालं."

रात्री शेकोटीभोवती पन्नास पोरं
आपापला धडा एकदम ओरडतात.
त्या गलक्यात माझा आवाज लपून जातो,
मला ते आवडायचं.
काल शेखांनी हात वर केला.
"गप्प. आदरोब एकटा."

कोरी पाटी मांडीवर घेतली. सवयीने.
पहिली ओळ आली.
दुसरी आली, जरा लंगडत.
तिसरीत ते अक्षर. बादली वर आली,
अर्धी सांडली, पण आली.
चौथीच्या तोंडाशी इंजिन बंद पडलं.

लाकूड तडकलं.
पलीकडे, जाळाच्या मागे,
हदाबचे ओठ हलत होते. आवाज नाही.
माझेही असेच हलायचे,
पण याच्या ओठांत शब्द होता,
दिव्यामागच्या सावलीसारखा स्पष्ट.
मी तो उचलला. पुढचे दोन आपोआप आले.

शेख काही बोलले नाहीत बराच वेळ.
मग : "उद्या धू."
नियमच आहे. पाठ झालं की पाटी धुवायची,
पाणी पाय पडणार नाही तिथे ओतायचं.
आता धुवायला होतं काय?
तरी धुतली. पाणी जेमतेम राखाडी झालं.
एक घोट घेतला, काजळीची चव.
उरलेलं बोरीच्या बुंध्याशी ओतलं
आणि बोरू हातात घेऊन बसलो, नव्या ओळींसाठी.

शेळी लांबून बघत होती.
पाटी मांडीवरून उचलून
मी खिळा दोन हात वर ठोकला.